पान पिवळे पडते तेव्हा...

खरिपाची पेरणी होऊन महिना-सव्वा महिना लोटला आणि पावसाने सलग आठ-दहा दिवस उसंत दिली नाही, की विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांत एक चित्र हमखास दिसते. कालपर्यंत हिरवीगार असलेली सोयाबीन, कपाशी आणि मक्याची पिके पिवळट दिसू लागतात. पाऊस उघडताच तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी गर्दी होते. शहरात याचीच छोटी आवृत्ती गॅलरीत घडते. कुंडीतील मोगरा किंवा जास्वंद पिवळी पडली की जवळच्या रोपवाटिकेतून पांढऱ्या दाण्यांची पुडी आणली जाते. पान पिवळे पडले म्हणजे झाडाला नत्र कमी पडले आणि नत्र कमी पडले म्हणजे युरिया द्यायचा, हे समीकरण इतके रूढ झाले आहे की त्याची शहानिशा करण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही.

हे समीकरण अर्धेच खरे आहे. नत्राच्या कमतरतेने पान पिवळे पडते यात शंका नाही. मात्र प्रत्येक पिवळ्या पानामागे नत्राचीच कमतरता असते असे नव्हे. या गैरसमजाची किंमत शेतकरी आपल्या खिशातून, सरकार अनुदानातून आणि अनेक गावे पिण्याच्या पाण्यातून मोजत आहेत. म्हणूनच नत्राची कमतरता म्हणजे नेमके काय, ती कशी ओळखावी आणि तिच्यासारखी दिसणारी दुखणी कोणती, हे समजून घेणे केवळ शेतकऱ्याच्याच नव्हे, तर करदात्या शहरवासीयाच्याही हिताचे आहे.

हिरवेपणाचा आधार

वनस्पतीला लागणाऱ्या अन्नद्रव्यांपैकी जमिनीतून सर्वाधिक प्रमाणात घेतल्या जाणाऱ्या द्रव्यांत नत्राचा क्रमांक वरचा लागतो. याचे कारण त्याच्या कामात आहे. पानाला हिरवा रंग देणाऱ्या हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो आणि त्याच्याभोवती नत्राचे चार अणू असतात. प्रथिनांच्या वजनाचा सुमारे १६ टक्के भाग नत्राचा असतो. सूर्यप्रकाशाच्या साह्याने हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखर तयार करणारी विकरे ही प्रथिनेच होत. त्यामुळे नत्र कमी पडले की पानाचा रंगच फिका होतो असे नाही. झाडाचा स्वयंपाकच थंडावतो.

परिणाम दूरवर जातात. खोड बारीक राहते, गव्हा-भाताला फुटवे कमी येतात, पाने आखूड होतात, फुलोरा वेळेआधीच येतो आणि दाणा लहान भरतो. पीक वरकरणी तग धरून उभे दिसते; पण उत्पादन घटलेले असते आणि धान्यातील प्रथिनांचे प्रमाणही खालावलेले असते.

हवेत मुबलक, मुळाशी दुर्मीळ

या टंचाईतील विसंगती अशी की, वातावरणाचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रवायूचाच आहे. स्कॉटलंडमधील डॅनियल रुदरफोर्ड यांनी १७७२ मध्ये हा वायू वेगळा करून दाखविला. प्राण्यांचे जीवन त्यात टिकत नाही, म्हणून फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी त्याला ‘निर्जीव’ अशा अर्थाचे नाव दिले. प्रत्यक्षात सारी सजीव सृष्टी त्याच्यावाचून अडते. अडचण एवढीच की, हवेतील नत्राचे दोन अणू परस्परांना तिहेरी बंधाने घट्ट जखडलेले असतात आणि तो बंध तोडण्याची क्षमता कोणत्याही पिकाजवळ नाही. मुळांना नत्र हवे असते ते पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात.

निसर्गात हा बंध तुटतो तो काही प्रमाणात विजेच्या कडकडाटाने आणि मुख्यतः सूक्ष्म जीवाणूंमुळे. द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र पिकाला मिळवून देतात, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये सिद्ध केले. पुढे फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये प्रयोगशाळेत हवेतील नत्र आणि हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्यापर्यंत नेली आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओप्पाऊ येथे उत्पादन सुरू झाले. प्रचंड दाब आणि चारशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमान यांवर चालणारी ही प्रक्रिया आजच्या युरियाचा पाया आहे. भारतात सिंद्रीचा खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. त्यानंतर तुर्भे आणि अलिबागजवळील थळ येथील कारखान्यांनी महाराष्ट्रालाही खतनिर्मितीच्या नकाशावर आणले.

मातीत नत्राचा साठा असतो तो प्रामुख्याने सेंद्रिय पदार्थांत. उष्ण हवामानात हे पदार्थ झपाट्याने कुजून संपतात. त्यामुळे महाराष्ट्रातील बहुतांश जमिनी उपलब्ध नत्राच्या बाबतीत कमी या वर्गात मोडतात. हेक्टरी २८० किलोपेक्षा कमी उपलब्ध नत्र असलेली जमीन या वर्गात धरली जाते. थोडक्यात, खरी कमतरता आहेच. प्रश्न आहे तो ती नेमकी केव्हा आणि कोठे आहे, हे ओळखण्याचा.

आधी खालचे पान, मग वरचे

ओळखण्याची पहिली खूण पानाच्या रंगापेक्षा पानाच्या जागेत असते. नत्र हे झाडाच्या शरीरात सहज हलविता येणारे अन्नद्रव्य आहे. मुळांकडून पुरवठा कमी पडू लागला की झाड जुन्या पानांतील प्रथिने मोडते आणि त्यातले नत्र शेंड्याकडच्या कोवळ्या पानांना पुरविते. साहजिकच सर्वांत खालची, जुनी पाने आधी पिवळी पडतात आणि शेंडा बराच काळ हिरवा राहतो. पिवळेपणा पानभर सारखा असतो. शिराही फिक्या होतात. मक्याच्या पानावर तो टोकाकडून सुरू होऊन मधल्या शिरेच्या आधाराने देठाकडे सरकतो आणि इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा आकार घेतो. कमतरता तीव्र झाली की खालची पाने करपून गळतात.

लोह आणि गंधक ही अन्नद्रव्ये मात्र अशी सहज हलत नाहीत. ती कमी पडली तर जुनी पाने हिरवी राहतात आणि नवी पाने पिवळी निघतात. लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा किंवा पांढुरका होतो. गंधकाच्या कमतरतेत नवे पान शिरांसकट एकसारखे फिके पडते. मॅग्नेशियमची कमतरता नत्राप्रमाणेच जुन्या पानांवर दिसते; पण तेथे शिरा हिरव्या राहतात.

एका रंगाची अनेक दुखणी

मराठी शेतकऱ्यांच्या बोलीत पिवळेपणाला ‘केवडा’ हा समर्पक शब्द आहे. परंतु तो एकाच रोगाला लागू होत नाही. चुनखडीच्या जमिनीत उसाची नवी पाने लोहाअभावी पिवळी-पांढरी पडतात, त्यालाही केवडा म्हणतात आणि भेंडीच्या पानांच्या शिरा विषाणूमुळे पिवळ्या पडतात, त्यालाही केवडाच म्हणतात. द्राक्षावरील एका बुरशीजन्य रोगालाही हेच नाव आहे. लोह, विषाणू आणि बुरशी या तिन्हींवर युरिया हा उपाय नाही. चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण विम्लतेमुळे ते मुळांना घेता येत नाही. तेथे नत्राचा जादा हप्ता दिल्यास खर्च होतो, गुण येत नाही.

सोयाबीनचे उदाहरण अधिक बोलके आहे. महाराष्ट्रात हे पीक अलीकडच्या वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टरवर घेतले जाते. ते द्विदल असल्याने आपल्या गरजेचा मोठा भाग मुळांवरील गाठींतून भागविते. म्हणून त्याला नत्राची शिफारस हेक्टरी साधारण ३० ते ५० किलो एवढीच आणि तीही पेरणीच्या वेळी देण्याची आहे. काळ्या जमिनीत पाणी साचले की मातीतील पोकळ्यांतली हवा निघून जाते. मुळांना आणि गाठींतील जीवाणूंना प्राणवायू मिळत नाही, गाठींचे काम मंदावते आणि पीक पिवळे दिसू लागते. दुखणे येथे नत्राच्या साठ्याचे नसून मुळांच्या श्वासाचे असते. चर काढून साचलेले पाणी बाहेर घालविणे, वाफसा येताच कोळपणी करून मातीत हवा खेळती करणे, हा त्यावरचा उपाय. अशा वेळी फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो. शिवाय जमिनीत आयते नत्र उपलब्ध झाले की द्विदल पीक गाठी करण्याचे काम आखडते घेते. म्हणजे विकतचे खत फुकटच्या पुरवठ्याच्या मुळावर येते.

२०२३ च्या खरिपात विदर्भातील अनेक जिल्ह्यांत सोयाबीनवर पिवळ्या मोझॅकचा प्रादुर्भाव झाला. हा विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरविते. दुरून पाहणाऱ्याला तोही पिवळेपणाच. मात्र जवळून पाहिल्यास पानावर पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांची नक्षी दिसते. रोगट झाडे उपटणे आणि पांढऱ्या माशीला आवरणे हाच येथे मार्ग असतो. जादा नत्राने पीक लुसलुशीत झाले तर रस शोषणाऱ्या किडींचे फावतेच.

युरियाच का?

एवढे असूनही हात युरियाकडेच का जातो, याचे उत्तर शेतापेक्षा बाजारात सापडते. २०१० मध्ये केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खतांसाठी अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान पद्धत लागू केली आणि त्यांच्या किमतींवरील नियंत्रण सैल झाले. युरिया मात्र या पद्धतीबाहेर, सरकारी किमतीतच राहिला. २०१८ मध्ये गोणी ५० किलोवरून ४५ किलोची झाली आणि तिची किंमत कर व कडुनिंबाच्या लेपाचा खर्च वगळून २४२ रुपये ठरली. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीला २०२५ मध्ये १,३५० रुपये मोजावे लागत होते. युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे एका गोणीत जवळपास २१ किलो नत्र आणि किलोमागे खर्च अवघा बारा रुपयांच्या आसपास. शिवाय युरिया टाकला की चार-आठ दिवसांत हिरवेपणा डोळ्यांना दिसतो. स्फुरद-पालाशाचे काम जमिनीखाली आणि दाण्यात होते, ते लगेच दिसत नाही.

स्वस्त आणि दृश्य परिणाम देणारी वस्तू अधिक वापरली जाणे स्वाभाविक आहे. नत्र, स्फुरद व पालाश यांचे देशपातळीवर आदर्श मानले जाणारे ४:२:१ हे प्रमाण त्यामुळे नत्राच्या बाजूला झुकत गेले. देशातील युरियाचा वार्षिक वापर साडेतीनशे लाख टनांच्या घरात पोहोचला आहे. २०२२-२३ या वर्षात जागतिक भाववाढीमुळे खतांवरील अनुदानाचा एकूण बोजा अडीच लाख कोटी रुपयांवर गेला होता. युरिया बनविण्यासाठी लागणारा नैसर्गिक वायूही मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागतो. गोणीवरील छापील किंमत शेतकरी देतो. उरलेली सर्व नागरिक मिळून देतात.

टाकलेले नत्र जाते कोठे?

पिकाला दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी भागच सर्वसाधारणपणे पिकाच्या उपयोगी पडतो. ओलसर जमिनीच्या पृष्ठभागावर युरिया तसाच पडून राहिला तर त्याचे रूपांतर अमोनियात होऊन तो हवेत उडून जातो. विम्ल जमिनीत आणि उन्हात हे वेगाने घडते. नायट्रेट झालेले नत्र मुसळधार पावसात झिरपून खाली जाते. पाणी साचलेल्या जमिनीत काही जीवाणू त्याचे पुन्हा वायूत रूपांतर करतात. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू उष्णता धरून ठेवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट प्रभावी आहे.

झिरपलेले नत्र शेवटी विहिरीत पोहोचते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून अधिक प्रमाण तान्ह्या बाळांना विशेष घातक ठरते. कारण त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार देशातील ४४० जिल्ह्यांत भूजलातील नायट्रेट मर्यादेपलीकडे आढळले आणि महाराष्ट्रातील तपासलेल्या नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुने या मर्यादेबाहेर होते. सांडपाणी आणि जनावरांचे मलमूत्र यांचाही त्यात वाटा असतो. तथापि खतांचा वाटा नाकारता येत नाही.

२०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप देणे बंधनकारक करण्यात आले. या लेपामुळे नत्राचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते आणि अनुदानित युरिया उद्योगांकडे वळविणेही अवघड होते. तरीही लेप वेळ लांबवितो. चुकीच्या निदानाची भरपाई तो करू शकत नाही.

हप्ते आणि बेवड

नत्राची गरज मोठी असलेल्या पिकांत प्रमाणाइतकेच महत्त्व वेळेला असते. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे. ते सगळे युरियातून द्यायचे म्हटले तर जवळपास १९ गोण्या होतात. एवढे खत एकदम घेण्याची ताकद कोवळ्या लागणीत नसते. म्हणून लागणीच्या वेळी अल्प, फुटव्यांच्या काळात भरपूर, पुन्हा अल्प आणि मोठ्या बांधणीला उरलेले, असे चार हप्ते सांगितले जातात. बांधणीनंतर उशिरा दिलेल्या नत्राने ऊस हिरवागार दिसतो. पण तो पक्व होण्यास वेळ लागतो आणि साखर उतारा घटतो.

खताच्या गोणीपूर्वीच्या काळात शेतकऱ्यांकडे नत्राचे स्वतःचे व्यवस्थापन होते. कोणत्या पिकानंतर कोणते पीक घ्यायचे हे ‘बेवड’ या एका शब्दात सामावलेले असे. हरभरा, मूग किंवा भुईमूग यांचा बेवड चांगला, असे अनुभवी शेतकरी आजही सांगतात; कारण त्यांच्या मुळा-पाल्यातून पुढील पिकाला नत्र मिळते. फुलोऱ्याच्या सुमारास जमिनीत गाडलेला ताग किंवा धैंचा हेच काम करतो. पेरणीपूर्वी बियाण्याला रायझोबियम जीवाणू खत चोळणे हा तर अत्यल्प खर्चाचा उपाय आहे. एकट्या या मार्गांनी उसासारख्या पिकाची सारी गरज भागणार नाही. पण युरियाच्या गोण्या कमी करण्याइतके सामर्थ्य त्यांत निश्चित आहे.

कुंडीतील झाड उपाशी का?

शहरातील गच्चीवरील बागेत पिवळेपणाची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले म्हणजे अति पाणी. तळाचे छिद्र बुजलेल्या कुंडीत जे घडते, ते पाणी साचलेल्या सोयाबीनच्या शेतासारखेच असते. दुसरे कारण बागप्रेमींच्या उत्साहातून येते. वाळलेला पालापाचोळा, लाकडाचा भुसा किंवा अर्धवट कुजलेले घरचे खत कुंडीत भरले जाते. अशा पदार्थांत कार्बन भरपूर आणि नत्र अल्प असते. ते कुजविणाऱ्या जीवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागते आणि ते मातीतले उचलतात. झाडाच्या वाट्याला काही काळ काहीच उरत नाही. उसाचे पाचट कुजविताना शेतकरी त्यावर थोडा युरिया टाकतात, तो याच कारणासाठी.

पूर्ण कुजलेले खत काळसर, भुसभुशीत असते आणि त्याला ओल्या मातीचा वास येतो. मूळ पदार्थ ओळखू येत असेल तर ते खत अद्याप तयार झालेले नाही. कुंडीसाठी शेंगदाण्याची पेंड किंवा निंबोळी पेंड हा सावकाश नत्र देणारा सुरक्षित पर्याय आहे. पहिलीत सुमारे सात टक्के, तर दुसरीत सुमारे पाच टक्के नत्र असते. चमचाभर युरिया मात्र लहान कुंडीतील मुळे जाळू शकतो.

निदान करताना

- पिवळेपणा कोठे सुरू झाला? खालच्या पानांवर असल्यास नत्र किंवा मॅग्नेशियम, शेंड्यावर असल्यास लोह किंवा गंधक यांचा विचार करावा.
- शिरा हिरव्या आहेत काय? असल्यास नत्राची शक्यता कमी.
- ठिपके किंवा नक्षी दिसते काय? दिसल्यास विषाणू अथवा बुरशीची तपासणी करून घ्यावी.
- मुळाशी पाणी साचले आहे काय? आधी निचरा करावा, खताचा विचार वाफसा आल्यानंतर.
- द्विदल पिकाचे एखादे झाड हळूच उपटून गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी असलेली गाठ कामात आहे. हिरवट किंवा तपकिरी गाठ काम करीत नाही.
- खात्री नसल्यास शेताच्या एखाद्या पट्ट्यावरच दोन टक्के युरियाची, म्हणजे दहा लिटर पाण्यात २०० ग्रॅम या प्रमाणात फवारणी करावी. आठवडाभरात तो पट्टा उर्वरित पिकापेक्षा हिरवा झाला तरच नत्राची कमतरता मानावी.
- भातासाठी पानांच्या रंगाचा तक्ता मिळतो. पानाचा रंग तक्त्यातील हिरव्या छटांशी ताडून नत्राचा हप्ता ठरविता येतो.

२०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिकेच्या रूपाने माती परीक्षणाचा कागद शेतकऱ्याच्या हाती येऊ लागला. त्या कागदावरील आकडे आणि उभ्या पिकाची पाने एकत्र वाचली, तर युरियाची गोणी आणण्यापूर्वी तिची गरज आहे की नाही हे बहुतेक वेळा ठरविता येते. मात्र एका खताची किंमत स्थिर आणि इतरांची चढती राहील, तोवर केवळ सल्ल्याने शेतकऱ्याचा हात आवरणे कठीण आहे. निदान शेतकऱ्याने शिकावे ही अपेक्षा रास्तच. त्या निदानाप्रमाणे योग्य ते खत घेणे त्याला परवडावे, ही जबाबदारी धोरण ठरविणाऱ्यांची आहे.